पेंढ्याचे रेडकू

पेंढेकाका रेडकाला डोळे ठेवत नसत. मेलेल्या रेडकाचे कातडे सोलायचे, त्यात पेंढा भरायचा आणि ते त्याच्या आईसमोर उभे करायचे, हे त्यांचे काम होते. पाय, शेपूट, कान, नाकपुड्या, सगळे ते निगुतीने करत. डोळ्यांच्या जागी मात्र पापण्या ओढून काळ्या दोऱ्याने शिवून टाकत. पहिल्या भेटीत मी कारण विचारले. त्यांच्या दातांत सुई होती. ती काढून ते म्हणाले, “डोळे ठेवले तर ता बघतला, बाय. मगे तेका काय सांगूचा?” आणि सुई पुन्हा दातांत धरली.

मी तेव्हा एका दैनिकाच्या उपनगर पुरवणीत बातमीदार होते. जोगेश्वरी पूर्वेला, डोंगराच्या बाजूला जे थोडे तबेले उरले होते त्यांना शहराबाहेर जाण्याच्या नोटिसा आल्या होत्या. त्यावर लिहायला मी लालजींच्या तबेल्यात गेले. दुपारची धार चालू होती. एका म्हशीपुढे छोटे रेडकू उभे होते आणि ती त्याची पाठ चाटत होती. मी वहीत लिहिले, ‘रेडकू, अंदाजे पंधरा दिवसांचे, शांत.’ धार काढणारा बिरजू माझ्या वहीकडे बघून हसला. “मॅडम, वो तो कब का गया.” मी जवळ जाऊन पाहिले. पोटावरून एक सरळ शिवण गेली होती. म्हैस चाटतच होती.

ही रीत तबेल्यांइतकीच जुनी आहे. समोर पिल्लू असल्याशिवाय म्हैस सहसा पान्हा सोडत नाही. शहरातल्या तबेल्यात पिल्लू फार दिवस जगत नाही, नर असेल तर त्याहून कमी, कारण त्याने प्यायलेले दूध विकता येत नाही. म्हणून पिल्लू जाते आणि त्याचे कातडे राहते. भय्ये लोक त्याला खलबच्चा म्हणत. ते करणाऱ्याला त्यांनी पेंढेकाका हे नाव दिले. त्यांचे खरे आडनाव मला त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पहिल्यांदा दिसले.

काका कणकवलीकडचे. गिरणीत चामडी पट्टे शिवण्याच्या खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर जोगेश्वरीला मेहुण्याकडे आले आणि शेणाच्या पाट्या उचलायला लालजींच्या वडिलांकडे लागले. तिथे एक म्हातारा भय्या खलबच्चे करायचा. त्याची नजर गेली होती. काकांनी एकदा त्याच्या हातातली सुई घेऊन उसवलेली शिवण पुरी करून दिली आणि पुढे ते काम त्यांच्याकडेच राहिले. “गिरणीत पट्टो तुटलो तर कापड थांबता,” ते म्हणायचे, “हय रेडकू उसवला तर दूध थांबता. काम ताच.”

ते काम घरीच करत. डोंगरउतारावरची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. कातड्याला मीठ, तुरटी आणि हळद चोळून ठेवायचे, मग पेंढ्यात कडुलिंबाचा पाला मिसळून भरायचे. पाला निवडायला आणि दोरा ओढायला काकी. दोघे पडवीत समोरासमोर बसत, मध्ये रेडकू. शेजारचे लोक त्या घरी पाणी पीत नसत. काकी तरीही प्रत्येकाला चहा विचारत आणि प्रत्येक जण नेमका घाईत असे. मी पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा काकी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कप सापडत नव्हते. पाहुण्यांचे कप वापरात नव्हते.

काकांचा एकच नियम होता. तो ते दोन शब्दांत सांगत, “जेचा तेका.” ज्या म्हशीचे रेडकू, त्याच म्हशीपुढे. म्हशीला सगळे कळते, असे त्यांचे म्हणणे होते. मी विचारले, “कळतं तर मग ती फसते कशी?” काका म्हणाले, “फसता कोण? तेका ठावक आसा ता मेला. पण ता तेचा आसा. दुसऱ्याचा समोर ठेवशात तर लाथ मारतली.” त्यांनी हे तीसेक वर्षे पाळले. कोणत्याही कातड्यावर खूण न करता, निव्वळ आठवणीवर.

मध्ये काही महिने काकांनी उपनगरातल्या एका जुन्या उद्यानाच्या प्राणिविभागात काम केले होते. तिथला म्हातारा सिंह मेला होता आणि त्याला पेंढा भरून दारातल्या खोलीत काचेमागे ठेवायचे होते. काकांचे नाव कुणीतरी सुचवले. साहेबांची मागणी होती, काचेचे डोळे हवेत आणि जबडा उघडा हवा, डरकाळी फोडताना. काका म्हणाले, “साहेब, तो जन्मात कधी असो आरडलो नाय. झोपान असायचो.” साहेब म्हणाले, “लोक झोपलेला बघायला तिकीट काढत नाहीत.” काकांनी सांगितले तसे करून दिले. डोळे बसवलेले त्यांचे ते एकच काम.

पुढची हकिगत मला तिथला जुना रखवालदार सदाभाऊ यानेही सांगितली, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. त्या खोलीची मागची खिडकी सिंहिणीच्या आवाराकडे उघडत असे. सिंह खोलीत आला त्या दिवसापासून सिंहीण आवाराच्या त्या बाजूला जाईना. मांस त्या बाजूला टाकले तर तसेच राही. दिवसभर ती उलट्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून बसे. “मी खिडकीत उभा राहून बघितलं ना,” सदाभाऊ म्हणाला, “तिच्या पाठीवरचे केस हलत होते. वारा नव्हता.” तीन आठवड्यांनी खिडकीच्या काचेला आतून पांढरा रंग फासला, तेव्हा ती जेवली.

काकांनी ते काम सोडले त्याचे कारण सिंहीण नव्हती. प्राणिविभागात रोज सकाळी मांसाची गाडी येई. एकदा सदाभाऊ एक मागचा पाय फळीवर ठेवून तोडत होता आणि काका शेजारी उभे होते. पायावर खुराच्या वर बोटभर रुंद, केस गेलेला, गुळगुळीत घट्टा होता. एकाच खुंट्याला वर्षानुवर्षे बांधलेल्या जनावराला तो पडतो. त्या घट्ट्यात गाठीमुळे पडलेली तिरकी खाच होती. लालजींच्या वडिलांची गाठ तशी असायची, दुसरे कुणी तशी मारत नसे. काकांनी सदाभाऊला हात थांबवायला सांगितला. मग म्हणाले, “नको, तोड.” दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. आटलेली म्हैस गाडीत चढते एवढे त्यांना माहीत होते. गाडी कुठे जाते ते त्यांनी त्या दिवशी पाहिले. त्यानंतर तबेल्यात गाडी आली की काका डोंगरावर निघून जात आणि गाडी गेल्यावर खाली येत.

दूध देणारी जनावरे शहराने नेहमी नजरेआड ठेवली आणि ज्यांचा काही उपयोग नव्हता ती तिकीट लावून दाखवली. तबेले आधी मूळ शहरात होते. वस्ती वाढली तसे ते उत्तरेला ढकलले गेले, उपनगरात आले, आणि आता उपनगरातही त्यांचा वास लोकांना सहन होत नव्हता. मी हे पुरवणीत लिहिले. काकांनी काकींकडून वाचून घेतले. “बरा लिवलंस,” ते म्हणाले, “पण जनावर खय जाता ता नाय लिवलंस.” ते खरे होते. मी जागेची बातमी लिहिली होती.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले. नोटिसांवर स्थगिती येत होती, उठत होती. बऱ्याच तबेल्यांत इंजेक्शने आली होती. सुई टोचली की पान्हा येतो, रेडकू लागत नाही. काकांचे काम कमी झाले. लालजी मात्र वडिलांच्या रीतीने चालत. त्यांच्याकडे बावीस म्हशी उरल्या होत्या. त्यांतल्या दोघी, जमना आणि गोमती, एकाच आठवड्यात व्याल्या.

दोघींची रेडके मे महिन्यात एकाच दुपारी गेली. काकांना त्या वेळी ताप होता. दोन कातडी एकाच टोपात मिठात पडली. उठवत नव्हते तरी त्यांनी दोन दिवसांत दोन्ही रेडके शिवली आणि बिरजूने ती नेऊन दोघींपुढे उभी केली. दोघींनी चाटले, दोघींनी पान्हा सोडला. महिनाभर दोन्ही वेळा दूध व्यवस्थित होते. जमनाचे तर आधीपेक्षा वाढले.

महिन्याने जमनाच्या रेडकाचा कान चाटून चाटून सुटला. बिरजू ते दुरुस्तीला घेऊन आला. मी त्या संध्याकाळी पडवीत होते. काकांनी दुमडलेला कान उलगडला आणि सुई तशीच हातात ठेवून बसून राहिले. कानाच्या कडेला एक छोटी खाच होती. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी घुशीने कुरतडलेली. ती गोमतीच्या रेडकाला होती.

“मी अदलाबदल केलंय,” काका म्हणाले.

काकी म्हणाल्या, “दूध देतत मा दोघी? मगे ऱ्हवांदे.”

“ऱ्हवांदे कसा? ता गोमतीचा आसा.”

“गोमतीन तक्रार केल्यान?”

काका हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करतंत?”

“दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. त्याच पानावर.”

“लोक वाचतत?”

“वाचतात की नाही माहीत नाही. छापावी लागते.”

काकांनी मान हलवली. कान शिवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः जाऊन दोन्ही रेडके बदलून जिची तिला दिली. माझे उत्तर इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्या दिवशी दुपारी जमनाने आणि गोमतीने दूध दिले नाही.

जमनाने आपले रेडकू हुंगले आणि मागे सरकली. पुन्हा पुढे केले तर शिंगाने उलथवले. गोमतीने हुंगलेही नाही. ती मान वळवून जमनाच्या खुंट्याकडे बघत उभी राहिली. काकांनी घाईघाईने रेडके पुन्हा बदलली, चुकीची होती तशी. आता तीही चालेनात. काका दोन्ही रेडके दोन काखांत धरून मधल्या वाटेवर उभे होते. बिरजू म्हणाला, “काका, अब ये दोनो किसी के नहीं.”

लालजींनी एक आठवडा दिला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. “काका, एका खुंट्याला एक दुधाचं जनावर. तुम्हाला माहीत आहे ना? शनिवारी गाडी येणार आहे. तोपर्यंत दूध आलं तर आलं.” काकांनी गूळ चारला, सरकी चारली, गरम पाण्याने कास शेकली. पाचव्या दिवशी दुपारी ते जमनापुढे उकिडवे बसून रेडकू तिच्या नाकाशी नेत होते. जमनाने रेडकू टाळून त्यांचा हात चाटला. मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश. मग पुन्हा. बिरजूने सवयीने कासेला हात लावला आणि बादलीत धार वाजली.

“काका,” बिरजू हळूच म्हणाला, “हिलो मत.”

काका हलले नाहीत. जमनाचे झाल्यावर ते गोमतीपुढे जाऊन तसेच बसले. तिनेही हात चाटला. त्या हातांना दोन्ही कातड्यांचा वास असणार, हे लालजींचे स्पष्टीकरण. काकांनी स्पष्टीकरण दिले नाही. ते लालजींना एवढेच म्हणाले, “दोघींका रेडो दाखवा.”

ठरले ते असे. दोघी गाभण राहिल्या तर लालजी त्यांना गाडीत घालणार नाहीत. पालघरकडे चुलतभावाच्या वाडीवर व्यायला पाठवतील. रेडा दाखवल्यापासून तीन महिन्यांनी डॉक्टर तपासतील. तोपर्यंत दूध चालू राहिले पाहिजे, कारण आटलेले जनावर तबेल्यात ठेवता येत नाही. आणि इंजेक्शन द्यायचे नाही, पोटातले पडेल. महिनाभरात दोघींना रेडा दाखवून झाला. तेव्हापासून काका मोजत होते.

रोज दोनदा, पहाटे आणि दुपारी, ते म्हशींपुढे बसत. गुडघे पोटाशी, मान खाली, दोन्ही हात पुढे. बोलायचे नाही, खोकायचे नाही, विडी नाही. एका म्हशीला वीस मिनिटे लागत. सुरुवातीला तबेल्यात थट्टा झाली. “काका, चारा डालूँ क्या?” कुणी विचारी. काका एक डोळा उघडून बघत आणि पुन्हा मिटत. पुढे थट्टा आपोआप थांबली. मधल्या वाटेने जाणारे लोक त्यांच्यापाशी आले की पाय हळू टाकत. मी एकदा दुपारी पाहिले. दहा मिनिटांनी मला त्यांचा श्वास दिसेना. छाती हलते की नाही ते बघायला मी पुढे झाले तर बिरजूने हात आडवा धरला.

म्हशीची जीभ खरखरीत असते. काकांच्या हातांवरचे केस गेले, मग कातडी लाल झाली. काकी खोबरेल लावू म्हणत, ते लावू देत नसत, वास बदलेल म्हणून. ते गणपतीला गावी गेले नाहीत. “पयल्यांदाच,” ते मला म्हणाले. “भाव फोनार रागावलो. तेका काय सांगू? मी उठलंय की तेंचा दूध आटला.”

घरातही फरक पडला होता. तो काकींनी सांगितला, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता. काका आता खुर्चीवर बसत नसत. भिंतीशी, तसेच गुडघे पोटाशी घेऊन बसत. “हाक मारली तरी हे वळनत नायत. हात लावल्यावर वळतत. परवा माका भायरसून येवक उशीर झालो. दार उघडला तर अंधारात बसलेले. मी इचारलंय, दिवो कित्याक नाय लावलास? तर म्हणतत, कोण येतला ता कळता वासान.” काकींनी चिमटे लावले. “माका तेंचा भय वाटता, बाय. आणि तेंका सोडून खयच जावचा नाय असाय वाटता.”

मी काकांना म्हटले, “पुरे करा आता. तुमचं वय काय, बसता काय.”

“एकवीस दिवस ऱ्हवले,” ते म्हणाले.

“आणि गाभण नसल्या तर?”

“आसत. पोटाकडे बघलंय मी.” मग म्हणाले, “पायाच्या घट्ट्याकडे नाय बघणंय.”

त्याच दुपारची धार संपवून ते घरी आले. तबेल्यातला सदरा काढून पडवीतल्या खिळ्याला लावला, अंगावर पाणी घेतले आणि भिंतीशी बसले. काकींनी समोर चहा ठेवला. ते उचलेनात. असे रोजच होई. चहावर साय धरली तेव्हा त्यांनी काकांच्या खांद्याला हात लावला.

गावाहून भाऊ आणि मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचली. अंत्यविधी झाला. मी काकींपाशी थांबले. त्या दिवशी पहाटे जमना आणि गोमतीपुढे कोणी बसले नव्हते आणि बिरजूची बादली रिकामी गेली होती. दुपारी एकच्या सुमारास लालजी आले. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले. बरेच इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, “काकी, बुरा मत मानना. काकांचा तबेल्याचा सदरा… धुतला का?”

“नाय,” काकी म्हणाल्या. “खिळ्याक आसा.”

“शनिवारी गाडी आहे. मी थांबवू शकलो असतो तर थांबवली असती.”

“माका ठावक आसा.” काकी उठल्या. “बिरजूक सांगा, पेंढो घेवन ये.”

दीर म्हणाले, “वैनी, कालच माणूस गेलो. सुतक आसा. ह्या काय चल्लाहा?”

“सुतक माका आसा,” काकी म्हणाल्या. “म्हशींका नाय.”

त्यांनी सदरा पडवीत पसरला. सुई काकांचीच होती. आधी खालची कड शिवली, मग पेंढा भरला, मुठीमुठीने, कोपऱ्यांत दाबून. पाला घातला नाही. बाह्या भरताना मला कॉलर धरायला सांगितली. कॉलर शेवटी शिवली. त्याला मान नव्हती. आतल्या खोलीतली मंडळी दाराकडे पाठ करून बसली होती. काकी एकदाच थांबल्या, छातीच्या जागी पेंढा जास्त झाला म्हणून. दोन मुठी काढल्या, हाताने चाचपले, मग एक मूठ परत घातली. दुरुस्ती सुचवणारी मी होते हे त्यांना माहीत होते. त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

तीनच्या धारेला आम्ही तबेल्यात पोहोचलो. बिरजूने सदरा जमनापुढे बसता केला, गुडघ्यांच्या जागी पेंढ्याची पोती ठेवून. जमनाने हुंगले. नाकातून मोठा श्वास सोडला आणि बाही चाटायला लागली. धार आली. गोमतीपुढे ठेवला तेव्हा तिने हुंगून मान वर केली. पुन्हा हुंगले. मागे सरकली. साखळी ताणली गेली. लालजी पलीकडे उभे होते, त्यांनी नजर खाली केली.

काकी पुढे झाल्या. सदऱ्याच्या मागे जमिनीवर बसल्या. उजव्या बाहीची शिवण दातांनी तोडली, आतला पेंढा उपसून काढला आणि आपला हात बाहीतून पुढे घातला. त्यांचा हात काकांच्या हातापेक्षा आखूड होता. बाहीबाहेर फक्त बोटे आली. गोमती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग एक पाऊल पुढे आली आणि बोटे चाटू लागली. बिरजूने बादली आत सरकवली.

काकी मान न वळवता म्हणाल्या, “बाय, घराक जा आणि सांग, माका येवक पाच वाजतले. भात उतरवन घेवक सांग.”

मी जाऊन सांगितले.

काकी एकवीस दिवस, दोन्ही वेळा गेल्या. तेराव्याच्या दिवशीही. एकविसाव्या दिवशी डॉक्टर आले. दोघी गाभण होत्या. लालजींनी टेम्पो सांगितला आणि जोगेश्वरीहून महामार्गाला लागेपर्यंत स्वतः पुढे मोटरसायकलवर गेले. गोमती टेम्पोत चढायला तयार नव्हती. शेवटी बिरजूने तो सदरा आत नेऊन दोघींच्या तोंडासमोर, चालकाच्या केबिनला टेकवून, दोरीने बसता बांधला. मग ती चढली.

काकी महामार्गाच्या कडेला उभ्या होत्या. टेम्पो वळून उत्तरेला लागला. मागच्या फळ्यांमधून दोन म्हशींच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडे सदऱ्याचा खांदा, रस्त्याच्या धक्क्यांबरोबर हलणारा. तो दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

“बसान गेले, बरा झाला,” त्या म्हणाल्या. “गाडयेत उभ्या ऱ्हवाक तेंका कधी जमला नाय.”